बिजलीचे फाउल

तिचा हात वर गेला होता, आणि तो वर गेला आहे हे त्या खोलीत सगळ्यात शेवटी तिलाच कळलं. पाणीपुरवठा खात्याची सकाळची बैठक चालू होती. टेबलाच्या टोकाशी मोठे साहेब, म्हणजे खात्याचे मुख्य अभियंते, बसले होते आणि ते एवढंच विचारत होते की काल दुरुस्तीसाठी मुख्य जलवाहिनी बंद केली तेव्हा डायलिसिस केंद्राला आधी फोन करायचं काम कोणाकडे होतं. आवाजसुद्धा चढवला नव्हता त्यांनी. हातातली पेन्सिल टेबलावर टक्कन आपटली, बस. त्या आवाजासरशी तिचा उजवा हात सरळ वर, कोपर ताठ, पंजा उघडा, चेंडू लागून लागून वाकडी झालेली बोटं पंख्याच्या दिशेला. कुणीतरी खुदकन हसलं. साहेबांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "तुम्ही? बरं. उद्या सकाळी माझ्या खोलीत या." मग ते गटारांच्या विषयाकडे वळले. तिच्या शेजारी तिची विभागप्रमुख बसली होती, तिने पेनाला टोपण लावलं आणि पाण्याचा ग्लास उचलून दोन घोट घेतले.

ही विभागप्रमुख म्हणजे बिजली. खरं नाव आता फक्त पगारपत्रकावर उरलंय. वर्तमानपत्रांनी एकदा बिजली म्हटलं आणि ती जन्माची बिजली झाली. दोघी खात्याच्या बास्केटबॉल संघात बारा महिने तेरा काळ एकत्र खेळलेल्या, एका खोलीत झोपलेल्या, एका साबणाने अंघोळ केलेल्या. आणि दवाखान्यांना फोन करायचा तो विभागप्रमुखाने स्वतः, हा नियम त्या खोलीतल्या टेबलालाही पाठ होता. बाकीच्या वस्तीला निरोप जातात, गाडीवरून ओरडून सांगतात; पण जिथे पाण्यावर माणसाचा श्वास चालतो तिथे प्रमुखाने जातीने बोलायचं. फोन बिजलीचा होता. पण एखादा हात आयता वर आला की दुसरीकडे बघायची तसदी कोण घेतो? बैठक संपल्यावर लोक खुर्च्या सरकवत तिच्याकडे त्या विशिष्ट नजरेने बघत बाहेर पडले. खेळाडू म्हणून भरती झालेली माणसं कामाला अशीच, हे त्या नजरेत स्पष्ट लिहिलेलं होतं.

टेबलाशी परत येऊन बसली तेव्हा तिला दरदरून घाम फुटला होता. हा हात माझा आहे की नाही, असा प्रश्न तिला पडला, आणि तिने तो डाव्या हाताने धरून मांडीवर ठेवला, एखादं द्वाड पोर धरून बसवावं तसा. शिट्टी वाजली की हात वर. तेरा-चौदा वर्षांची असताना बास्केटबॉल शिकवणाऱ्या सरांनी हे तिच्या हाडांत भरलं होतं. फाउल झाला की पंच शिट्टी मारतात, आणि जिचा फाउल असेल तिने हात वर करायचा, म्हणजे नोंद करणाऱ्याला नंबर दिसतो. एवढी साधी रीत. पण सर म्हणायचे, पंचांनी बोट दाखवायच्या आत हात वर गेला पाहिजे, तोंड वाकडं करायचं नाही, मी कुठे काय केलं असं विचारायचं नाही, विचार करायला लागलात की पाय थांबतात. सर शिट्टी घेऊन मैदानाबाहेरही फिरायचे. जेवणाच्या रांगेत, बसमध्ये, जिन्यात कुठेही वाजवायचे आणि जिचा हात उशिरा वर जाई तिला मैदानाला फेऱ्या. त्या वयात ती संघातली सगळ्यात उंच होती आणि फेऱ्यांना सगळ्यात घाबरणारी. गल्लीत तिला शिडी म्हणायचे, बसमध्ये बायका पिशव्या वर ठेवायला द्यायच्या, वर्गात मागच्या भिंतीला टेकून उभं केलेलं. उंची हा तिला झालेला एक आजारच होता जणू, आणि सरांनी पहिल्यांदा तिच्याकडे मान वर करून बघितलं आणि म्हणाले, हिला मला द्या. त्या एका वाक्यासाठी तिने त्यांचं काहीही ऐकलं असतं, आणि ऐकलंच.

त्यातून ते पुढचं आलं. राज्यभरातल्या संघांची कुठलीशी उपांत्य फेरी होती. लाकडी फरशी, त्यावर बुटांचा तो किरकिराट, घामाचा आणि मलमाचा वास, आणि बास्केटखाली चार-सहा अंगांचा गुंता. पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर, आणि बिजलीचे चार झाले होते. बिजली बाहेर गेली की सामना गेला, हे बाकड्यावरच्या बाटल्यांनाही कळत होतं. गुंत्यात एक मुलगी धाडकन पडली, शिट्टी वाजली, आणि पंच वळले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत एक क्षणभर शंका होती. त्यांना नंबर दिसला नव्हता. तिला मात्र सगळं दिसलं होतं. बिजलीचं कोपर त्या मुलीच्या बरगडीत जाताना तिने वरून, अगदी स्पष्ट पाहिलं होतं. बिजलीने तिच्याकडे बघितलं. काही बोलली नाही, विनवलं नाही, नुसतं बघितलं. आणि शिडीचा हात वर गेला. पंचांचा जीव भांड्यात पडला, त्यांनी तिचा नंबर दाखवला, खेळ पुढे चालू. सामना जिंकल्यावर सगळ्यांनी बिजलीला खांद्यावर घेतलं, आणि बूट काढत बसलेल्या तिच्याजवळ सर आले आणि एकच शब्द बोलले, "असंच." त्या शब्दाने ती किती सुखावली होती हे आज आठवून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानंतर कुणी कधी तो विषय काढला नाही, काढायची गरजच नव्हती. गुंता झाला, शिट्टी झाली, पंच घुटमळले की हात तिचा. बिजली मैदानात राही, आणि शिडी डोक्यावर टॉवेल घेऊन बाकड्यावर. टॉवेलाखाली स्वतःच्या श्वासाचा आवाज फार मोठा येतो. बाहेर लोक ओरडत असतात, आणि आत आपण आणि आपला श्वास, ओलसर, गरम, थोडा आंबट.

वर्तमानपत्रांनी मग तिलाही एक विशेषण बहाल केलं: धसमुसळी. धसमुसळ्या खेळामुळे बाहेर, असं छापून यायचं. देशाच्या संघाच्या निवडीच्या वेळी समितीतल्या एका बाईंनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं की तुझं रिबाउंडचं, हुकलेला चेंडू वरच्या वर पकडायचं, काम चोख आहे, पण एवढे फाउल करणारी मुलगी आम्हाला परवडत नाही. तिने मान हलवली. बिजलीची निवड झाली. बिजलीने तिला मिठी मारून रडून घेतलं आणि म्हणाली, तुझ्याशिवाय मी कशी खेळू गं तिकडे. हे ती अगदी मनापासून म्हणाली होती. बिजलीचं सगळं मनापासूनच असायचं, आणि मनापासून म्हणून झालं की ती ते विसरून जायची. तिकडे ती छानच खेळली. आई, जी कपडे शिवून घर चालवत होती आणि जिने लेकीचा एकही सामना पाहिला नव्हता, तिने ते कात्रण एकदा मशीनवर ठेवलेलं वाचलं आणि विचारलं, "तू लोकांच्या मुलींना पाडतेस का गं?" आणि ती म्हणाली होती, हो. आता काय सगळी कथा सांगत बसायची, असं तेव्हा वाटलं होतं. आईने परत काही विचारलं नाही, फक्त त्या दिवशी तिच्या बाह्या लांब करताना टाचणी जरा जोरात टोचली.

दुपारभर ती टेबलाशी बसून राहिली आणि समोरच्या नकाशावर, निळ्या रेघांवर, नजर फिरत राहिली. गुडघा ठणकत होता. खेळ संपला तो या गुडघ्यामुळे. एका साध्या सरावात उडी मारून खाली आली आणि आत काहीतरी कापड फाटल्यासारखं वाजलं. बिजली थांबली तेव्हा खात्याने समारंभ केला, शाल, भाषणं, मोठे साहेब स्वतः. ही थांबली तेव्हा तिने गुडघ्याची पट्टी सोडली, गुंडाळली, पिशवीत टाकली आणि दुसऱ्या दिवसापासून कचेरीत यायला लागली. कचेरीचं काम तिला येत नव्हतं. आपल्याहून वयाने लहान मुलींकडून कुठला व्हॉल्व्ह कुठल्या वस्तीचा हे शिकताना कानशिलं तापायची. पण शिकली. आणि पहाटे उठून उदंचन केंद्रामागच्या सिमेंटच्या जुन्या कोर्टावर आसपासच्या मुली जमवायला लागली, कुणी सांगितलं नव्हतं तरी. तिथे पंपांची घरघर पायांतून वर येते, हवेला क्लोरीनचा वास असतो, आणि बास्केटला जाळी नाही. मुली तिला ताई म्हणतात. त्या मुलींमुळेच खात्याने एवढ्या वर्षांनी महिला संघ पुन्हा उभा करायचं ठरवलं, आणि प्रशिक्षक म्हणून तिचं नाव वर गेलं. फक्त मोठ्या साहेबांची सही व्हायची होती, याच आठवड्यात. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी तिच्या स्वतःच्या नावावर येणार होतं. आणि ज्या बाईच्या हलगर्जीने आजारी माणसं यंत्रावरून उठवावी लागली, तिच्या हाती कोण मुली देईल? हे सगळं तिला हात खाली येतानाच कळलं होतं, आणि तरीही ती गप्प बसली होती. तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखी. हात निदान आपण होऊन वर गेला, तोंड तर तिने स्वतः बंद ठेवलं.

संध्याकाळी बिजलीने तिला गाडीत घेतलं. नेहमी घ्यायची नाही, आज फाटकापाशी थांबून हॉर्न वाजवला. गाडीत तिला गुडघे छातीशी घेऊन बसावं लागे; बिजलीने हसत हसत सीट मागे सरकवून दिली. मग ती बोलत राहिली. परवा एका शाळेच्या बक्षीस समारंभाला पाहुणी म्हणून जायचं होतं, त्या गडबडीत फोन राहिला, अगदी डोक्यातून गेला, रात्रभर झोप नाही. शिडे, तू होतीस म्हणून. मला तर वाटलं आता काही खरं नाही. आधीच दोनदा साहेब बोललेत मला, आणि बढती तोंडावर आलीय. तिने ऐकून घेतलं, आणि मग विचारलं की माझ्या प्रशिक्षकपदाचं काय. बिजलीने गिअर बदलला.

"अगं, ते कुठे पळून चाललंय? या वर्षी दुसरं कुणीतरी सांभाळेल. पुढच्या वर्षी मी वर गेले ना, की पहिली सही तुझी. आपण काय वेगळ्या आहोत का?"

हे बोलताना तिने शिडीच्या गुडघ्यावर थोपटलं, नेमक्या दुखऱ्या जागी. त्यात दुष्टपणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. दुष्ट माणसावर चिडता येतं. बिजलीला खरोखरच वाटत होतं की शिडीला काही फरक पडत नाही. आणि पडतो असं तिला कुणी, कधी, सांगितलं होतं? रस्ता डायलिसिस केंद्रावरूनच जात होता. हिरव्या पाटीचा दिवा दिसला आणि शिडी म्हणाली, इथे थांबव, आत जाऊन येऊ. बिजलीने घड्याळ बघितलं. आत्ता नको, लोक चिडलेले असतील, उद्या आपण फुलं पाठवू. ती उतरली. दार लावताना जरा जोरातच लागलं, आणि गाडी निघून गेली.

केंद्राचं दार तिच्या मानाने बुटकं होतं. सगळीच दारं असतात, वाकायची तिला सवय होती. आत गारठा, औषधी वास, आणि यंत्रांचा तो एकसुरी, धीमा आवाज, पंपांच्या घरघरीचं धाकटं भावंड म्हणावं असा. एका खुर्चीवर एक म्हातारा निवृत्त कंडक्टर पडून होता, हाताला नळ्या लावलेल्या. काल त्याला अर्ध्यावर सोडवून घरी पाठवलं होतं. अंगात पाणी साचून पहाटेपर्यंत धाप लागलेली, म्हणून आज पुन्हा आणलं होतं. तिथली तंत्रज्ञ बाई, आखूड केसांची, रबरी चपला घातलेली, तिला बघून म्हणाली की भेटायची वेळ संपली. ती पाणीखात्यातून आल्याचं कळल्यावर बाईने हातातलं काम खाली ठेवलं. ओरडली नाही. तिने पाण्याची टाकी दाखवली, त्यावरची उंची दाखवणारी काचेची नळी दाखवली, आणि सांगितलं की एका माणसाला केवढं पाणी लागतं, टाकी कशी बघता बघता उतरते, यंत्र कसं आधी पिवळा दिवा लावतं आणि मग बोंबलतं, आणि तेव्हा रक्त नळ्यांतून परत अंगात घालेपर्यंत आपल्या हातात किती कमी वेळ असतो. आदल्या दिवशी कळलं असतं तर टाकी भरून, टँकर सांगून, सकाळची माणसं लवकर बोलावून सगळं निभावलं असतं. एका फोनचं काम. कंडक्टर डोळे न उघडता म्हणाला, आम्ही निदान पुढचा थांबा आला की घंटी मारायचो.

तिला हसू आलं. तंत्रज्ञ बाई म्हणाली की हे काही पहिल्यांदा घडलेलं नाही. मागच्या खेपेलाही फोन नव्हता. तेव्हा तुमच्या त्या प्रमुख बाई स्वतः आल्या होत्या, फार गोड बोलल्या, म्हणाल्या एका नव्या मुलीकडून राहून गेलं, तिला समज दिलीय. आता या वेळी कुठली नवी मुलगी? तिला ती मुलगी आठवली. खिडकीशी बसणारी, जाड भिंगाची, डब्यातलं सगळ्यांना देणारी. तिची मीटरच्या गोदामात बदली झाली तेव्हा कुणी कारण विचारलं नव्हतं, तिनेही नाही. म्हणजे पंच घुटमळले की कुणाचा ना कुणाचा हात मिळतोच बिजलीला, आणि नसला मिळत तर ती दुसऱ्याचा धरून वर करते. मैदानात त्या हाताने काय बिघडायचं? फळ्यावरचा एक आकडा. पण इथे पिवळा दिवा लागतो. आणि दुरुस्तीचा दुसरा टप्पा परवा होता, जलवाहिनी परवा पुन्हा बंद होणार होती. बिजलीच्या नावावर चूक लागलीच नाही तर बिजली फोन करायला कशाला शिकेल? शिडीने इतकी वर्षं तिला वाचवलं नव्हतं, तिला चुका करायची मुभा मिळवून दिली होती. हा विचार तिच्या डोक्यात आला आणि तळपायाची आग मस्तकात गेली. ती आग बिजलीवरची नव्हती. ती टॉवेलाखाली श्वास ऐकत बसलेल्या त्या लांबलचक पोरीवरची होती, जिला एका शब्दात सुखावता येत होतं.

"तुमच्याकडून राहिला का फोन?" तंत्रज्ञ बाईने विचारलं.

"नाही," ती म्हणाली. शब्द तोंडात नवा बूट पायात असावा तसा आवळला. "माझ्याकडून नाही." मग तिने केंद्राचा फोन नंबर विचारून घेतला आणि घरी जाईपर्यंत पुटपुटत तोंडपाठ केला.

घरी आई मशीनवर बसली होती. डोळे अधू झालेत, तरी दोरा ओवायला कुणाला देत नाही. जेवताना तिने आईला सांगून टाकलं. आजचं नाही, आधी ते जुनंच. मी कुणाला पाडलं नव्हतं, आई. ते फाउल माझे नव्हते. आई घास हातात धरून तिच्याकडे बघत राहिली. सगळं ऐकल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला तो हा, की मग तेव्हा हो कशाला म्हणालीस.

"इतकी वर्षं मी त्या पोरींच्या आयांची मनातल्या मनात माफी मागत आले," आई म्हणाली. "देवासमोर उभी राहिले की आधी त्यांचं, मग तुझं. आणि आता सांगतेस तुझं नव्हतंच. माझं सगळं फुकट गेलं की गं." ती रागावली होती, खरोखरीची, आणि रागातच तिने लेकीच्या ताटात वाढलं. थोड्या वेळाने म्हणाली, "उद्या तो निळा शर्ट घाल. त्याच्या बाह्या पुरतात तुला." त्या घरात बऱ्याच दिवसांनी भांडं घासताना आईने गुणगुणलेलं तिला ऐकू आलं.

सकाळी मोठ्या साहेबांच्या खोलीत बिजली आधीच होती, चहा घेत होती, आणि हिला बघून तिने मोकळेपणाने शेजारची खुर्ची पुढे केली. साहेबांच्या पुढ्यात प्रशिक्षकपदाचा कागद होता. उलटा असूनही तिला तो ओळखता आला. साहेब म्हणाले की प्रमुख बाईंनी तुमची बाजू मांडलीय, जुन्या खेळाडू आहात, यापुढे काळजी घ्या, पण या कागदावर मला सध्या विचार करावा लागेल. ती बसली नाही. ती उभी राहिली की समोरच्याला मान वर करावी लागते, आणि आयुष्यभर ती त्यासाठी पोक काढून उभी राहत आली होती. आज नाही राहिली. तिने सांगितलं की फोन माझ्याकडे नव्हता, चूक माझी नव्हती, काल मी हात वर केला ती सवय होती आणि तीच माझी चूक, ती मोजा हवी तर. साहेब वैतागले. भर बैठकीत हात वर करता, रात्रीत जबाब बदलता, अशा माणसाकडे मी मुली सोपवू? उद्या त्यांनाही हेच शिकवाल.

"नका करू सही," ती म्हणाली. "मुली उद्या पहाटे येतीलच, आणि मीही. कोर्टाला कुलूप लावलंत तर रस्त्यावर खेळू. पण मी केलं असं कुठेही लागता कामा नये, कारण मी केलेलं नाही."

बिजलीने कप बशीत ठेवला. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं, आपलाच पाय आपलं ऐकेनासा झाल्यावर होतं तसं. "शिडे, काय झालंय तुला?" ती हळूच म्हणाली. "आपण एका संघातल्या ना?" आणि मग तिने तसं बघितलं. तीच नजर. गुंत्यातून वर येणारी, न मागता मागणारी, लाकडी फरशीवरची. शिडीच्या खांद्यात काहीतरी हललं, उजव्या, अगदी आत, हाडापाशी, आणि तिने ते हलू दिलं आणि पुढे जाऊ दिलं नाही. कोणाकडे होता फोन मग, साहेब विचारत होते. तिने टेबलावरचा फोन स्वतःकडे ओढला, तोंडपाठ नंबर फिरवला, आवाज सगळ्यांना ऐकू येईल असं बटण दाबलं, आणि फोन बिजलीच्या पुढ्यात सरकवला. उद्या पाणी बंद आहे, ती म्हणाली, आणि हा फोन विभागप्रमुखाने करायचा असतो.

पलीकडे घंटी वाजत होती. साहेब काहीतरी बोलायला गेले आणि थांबले. मग तंत्रज्ञ बाईचा तो कोरडा आवाज आला, डायलिसिस केंद्र. बिजलीने फोनकडे बघितलं, साहेबांकडे बघितलं, शेवटी शिडीकडे. हॅलो, आवाज म्हणाला, कोण बोलतंय? मागे यंत्रांचा धीमा आवाज येत होता. त्या शांततेत शिडीचं सगळं अंग पुढे व्हायला धावलं. बोलून टाक, सांग पाणीखात्यातून बोलतेय, एका वाक्यात सुटेल सगळं, सगळ्यांचाच जीव मोकळा होईल. गुडघा ठणकत होता. तिने टेबलाची कड धरली आणि ती बोलली नाही. अहो कोण आहे, बोला, माझ्याकडे माणसं खोळंबलीत, आवाज म्हणाला. बिजली खुर्चीत पुढे सरकली. एवढी वर्षं जवळून पाहिलेला तो चेहरा शिडीला पहिल्यांदाच वयस्क दिसला, आणि तिला तिची दया आली, भरपूर आली, तरी ती बोलली नाही.

"पाणीखात्यातून," बिजली म्हणाली. आवाज फाटला, तिने तो सावरला. "मी विभागप्रमुख. परवाचा फोन मी करायचा होता. माझ्याकडून राहिला. मागचाही माझ्याकडूनच राहिला होता."

पलीकडे कागद ओढल्याचा आवाज आला.

"बरं," तंत्रज्ञ बाई म्हणाली. "उद्या किती वाजता बंद करणार, ते सांगा."